प्लास्टिकची वीट, काचेची वीट

प्लास्टिक आणि काच या दोन्ही कचऱ्यांपासून विटा होतात, पण विटेतले त्यांचे काम वेगवेगळे असते. प्लास्टिक तापवले की वितळते आणि वाळूचे कण धरून ठेवते. म्हणजे ते सिमेंटची जागा घेते. काच मात्र माती किंवा वाळूची जागा घेते आणि तिला सांधायला भट्टी किंवा सिमेंट लागतेच. कोणता कचरा घ्यायचा, तो किती तापवायचा आणि तयार वीट कुठे लावायची, हे या फरकावर ठरते.

प्लास्टिकच्या विटेत निम्मे काम निवडण्याचे आहे. दुधाच्या पिशव्या (एलडीपीई) सुमारे 110 अंश सेल्सिअसला, शाम्पूच्या बाटल्या (एचडीपीई) 130 अंशांच्या, तर बादल्या आणि बाटल्यांची झाकणे (पीपी) 160 अंशांच्या आसपास वितळतात. ही तिन्ही एका घाण्यात चालतात. पाण्याच्या बाटलीच्या पेटला मात्र सुमारे 250 अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत बाकीच्या प्लास्टिकचा कस उतरतो. शिवाय पेटला भंगारात चांगला भाव असल्याने ते विटेत घालण्याची गरजही नसते. पीव्हीसी पाइपचा तुकडा चुकून आला, तर तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. कुकरची बेकेलाइटची मूठ तर वितळतच नाही.

निवडलेले प्लास्टिक धुऊन, वाळवून, यंत्रात बारीक कातरतात. वाळूही कोरडी लागते, कारण ओल राहिली तर वाफ होऊन विटेत पोकळ्या राहतात. दोन्ही तापलेल्या नळीत घोळले की कणकेसारखा घट्ट गोळा बाहेर येतो. तो साच्यात भरून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतात आणि दाबाखालीच निववतात. नाहीतर थंड होताना प्लास्टिक आकसते आणि वीट वेडीवाकडी होते. मातीची वीट भाजायला साधारण 900 ते 1100 अंश लागतात; येथे भट्टीच लागत नाही. मात्र प्लास्टिक वितळवणे आणि जाळणे यांत फरक आहे. उघड्या पिंपाखाली लाकडे पेटवून केलेल्या या उद्योगाचा विषारी धूर कामगारांच्या छातीत जातो. तापमानावर नियंत्रण आणि धूर शोषणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी अटळ आहेत.

केनियात न्झाम्बी मटी यांच्या ‘गेंगे मेकर्स’ने नैरोबीत प्लास्टिक आणि वाळूचे पेव्हर ब्लॉक बनवले. या कामासाठी 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना युवा सन्मान दिला. आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने ‘कॉन्सेप्तोस प्लास्तिकोस’ या कोलंबियन कंपनीच्या साहाय्याने प्लास्टिकच्या विटांच्या वर्गखोल्या उभ्या केल्या. या विटा एकमेकींत अडकतात, त्यामुळे सिमेंटचा माल लागत नाही. गुजरातमधील ‘ऱ्हायनो मशीन्स’ने 2020 मध्ये सुमारे 80 टक्के फाउंड्रीची टाकाऊ धूळ आणि 20 टक्के प्लास्टिक यांचे ठोकळे पुढे आणले. फाउंड्रीची टाकाऊ वाळू कोल्हापूर परिसरातही मुबलक आहे, त्यामुळे हे मिश्रण महाराष्ट्रालाही उपयोगी पडू शकते.

काचेचा मार्ग निराळा आहे. काचेचा चुरा विटेच्या मातीत मिसळला, तर भट्टीत तो मातीच्या आधी वितळतो, कणांमधल्या फटी भरतो आणि कमी उष्णतेत वीट पक्की होते. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी काच आणि जाळलेल्या कचऱ्याची राख वापरून अशा विटा तयार केल्या आहेत. सिमेंटच्या ठोकळ्यात मात्र काच जपून वापरावी लागते. सिमेंटमधील अल्कली आणि काचेतील सिलिका यांच्या संयोगातून जेल तयार होते; ते पाणी शोषून फुगते आणि ठोकळ्याला तडे पाडते. काच पिठासारखी बारीक दळली की हा धोका बराच कमी होतो. उलट ती सिमेंटला मदतच करते. हाइनेकेन कंपनीने 1963 मध्ये तर काच न फोडताच वापरून पाहिली: रिकामी झाली की विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटली तिने काढली. तो प्रयोग पुढे चालला नाही.

भारतीय मानकानुसार भाजलेल्या विटेने चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन दाब सोसावा आणि 24 तास पाण्यात ठेवल्यावर साधारणपणे वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. प्लास्टिकची वीट पाणी जवळजवळ पीतच नाही. पण तिच्या उणिवा भिंतीत उघड होतात. आगीत ती मऊ पडते आणि पेटूही शकते, कायमच्या ओझ्याखाली हळूहळू दबते, उन्हाने तिचा पृष्ठभाग ठिसूळ होतो आणि गुळगुळीत अंगावर गिलावा धरत नाही. फरशी झिजली की प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत मिसळतात, हा प्रश्नही उरतोच.

म्हणून आज प्लास्टिकच्या विटेची योग्य जागा अंगण, पायवाट आणि कुंपण ही आहे. बहुमजली इमारतीच्या भाराच्या भिंती नव्हेत. भाजलेल्या मातीत मिसळलेली काच मात्र घराच्या भिंतीतही चालते. अशा विटा विकत घेणाऱ्याने दाबशक्ती, पाणी शोषण आणि आग या तिन्हींचे चाचणी अहवाल आधी मागावेत. ते दाखवता येत नसतील, तर माल घेऊ नये.