गोंदिया जिल्ह्यातील शिक्षणव्यवस्था
गोंदिया जिल्ह्यातील शिक्षणव्यवस्था : महाराष्ट्राच्या ईशान्य टोकास, मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांच्या सीमेवर वसलेल्या या जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने झाली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के असून गोंड व हलबा या त्यांपैकी प्रमुख जमाती होत. साक्षरतेच्या आकड्यामागे मात्र दोन भिन्न प्रदेश दडलेले आहेत : गोंदिया, तिरोडा, आमगाव हा लोहमार्गालगतचा, भातगिरण्यांचा व व्यापाराचा पट्टा, आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील विरळ वस्तीचा वनप्रदेश.

१९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रांत व त्यानंतरच्या मध्य प्रदेश राज्यात मोडत असे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनपद सभांकडे ग्रामीण शाळा होत्या. १९६२ मध्ये त्या जिल्हा परिषदेकडे आल्या. विदर्भातील जिल्हा परिषदा प्राथमिक शाळांबरोबर माध्यमिक विद्यालयेही चालवितात, हे वैशिष्ट्य याच वारशातून आले. पश्चिम महाराष्ट्रात हे काम मुख्यतः खाजगी संस्थांनी केले. सीमाभागात व गोंदिया शहरात हिंदी माध्यमाच्या शाळा आढळतात, त्याचेही कारण अंशतः तेच.

उच्च शिक्षणाची उभारणी स्थानिक पुढाकारातून झाली. बिडी उद्योजक व लोकप्रतिनिधी मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय व नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय ही तिची गोंदियातील प्रमुख महाविद्यालये. आमगाव येथे लक्ष्मणराव मानकर यांच्या प्रेरणेने भवभूती शिक्षण संस्था उभी राहिली. जवळचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते, त्यावरून हे नाव. महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये गोंदियात सुरू झाले.

वनप्रदेशातील शिक्षणाचा कणा म्हणजे आश्रमशाळा. शासकीय व अनुदानित अशा दोन्ही प्रकारच्या या निवासी शाळांवर आदिवासी विकास विभागाच्या देवरी येथील प्रकल्प कार्यालयाचे नियंत्रण असते. निवास, भोजन व गणवेश यांची सोय झाल्याने पाड्यावरील पहिल्या पिढीस शाळेचे दार उघडले, हे निर्विवाद. तथापि सहा-सात वर्षांचे मूल घरापासून तुटते, ही त्याची किंमतही लहान नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सुरू झालेल्या योजनेतील जवाहर नवोदय विद्यालय नवेगाव बांध येथे आहे. तेथील प्रवेश निवड परीक्षेद्वारे होतो.

खरी अडचण भाषेची. पाठ्यपुस्तके प्रमाण मराठीत; घरात मात्र झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी वा हलबी. झाडीबोली ही मराठीचीच बोली असली, तरी तीत ‘ण’ व ‘ळ’ यांचे उच्चार सहसा होत नाहीत. ‘पाणी’ चे ‘पानी’ व ‘डोळा’ चे ‘डोरा’ होते. मूल आपल्या बोलीच्या नियमाने बिनचूक बोलत असते आणि वहीत मात्र ती चूक ठरते. पोवारी हिंदी गटास अधिक जवळची, तर गोंडी ही द्राविडी भाषा असल्याने तिच्या भाषकास शाळेची मराठी जवळजवळ परभाषाच होय. घरची भाषा जाणणारा शिक्षक पहिल्या दोन इयत्तांना लाभला, तर पुढची अनेक वर्षांची गळती थांबू शकते; बदल्यांच्या नियमांत मात्र या निकषाला फारसे स्थान मिळालेले नाही.

शाळेचे वर्ष आणि गावाचे वर्ष यांचाही मेळ बसत नाही. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. लगेच जुलैमध्ये भाताची रोवणी येते. मोहफुले वेचण्याचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेच्या सुमारास असतो. पहाटे फुले वेचून आलेले मूल वर्गात पेंगते, यात नवल नाही. १९९५ मध्ये देशात सुरू झालेल्या पोषण आहार योजनेमुळे उपस्थिती टिकण्यास साहाय्य झाले.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार राज्यात पहिली ते पाचवीसाठी १ किमी. व सहावी ते आठवीसाठी ३ किमी. अंतरात शाळा असणे अपेक्षित आहे. छोट्या टोल्यांवर यामुळे शाळा पोहोचल्या, पण पट दहा-वीसच्या आतच राहिला. २०१७ मध्ये राज्य शासनाने १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अशा वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. नकाशावरील दोन किलोमीटर पावसाळ्यात नाल्यापलीकडचे असतात. आठवीनंतर हे अंतर आणखी वाढते. मुलासाठी सायकल वा वसतिगृह शोधले जाते. मुलीच्या बाबतीत वाट जंगलातून जाते एवढे कारण पुष्कळदा पुरते.