आधी रूळ, मग मोटार

मार्च 2020मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईकराची गाडी तासाभरात खाडीपार होऊ लागली. वाडीत शिरते आणि जुन्या गॅरेजपुढे थांबते. किहीम-आवासपासून रेवदंड्यापर्यंत घरापासून सुटी बांधलेली अशी गॅरेजं अजून दिसतात : वर कौलं, पुढे रुळाला टांगलेली, बाजूला सरकणारी सागाची दोन जड कवाडं. भर पावसात उतरून ती ढकलायची कोणी? म्हणून मोटारीचा विचार होतो. विचार चांगलाच, फक्त सुरुवात बहुतेक वेळा उलट्या टोकाने होते. रिमोट आधी येतो, फॅब्रिकेटर मागाहून.

मासळी तोलायचा हुकाचा काटा घ्या, कडीत अडकवा आणि कवाड ओढून बघा. दोनशे किलोचं कवाड चांगल्या बेअरिंगवर पाच-सात किलोच्या ओढीने चालायला हवं. वीस-पंचवीस लागले तर दुखणं चाकांत किंवा रुळात आहे, आणि ते मोटारीने बरं होत नाही. उलट धोका वाढतो. मध्ये काही अडकलं हे मोटारीला कळतं ते वाढलेल्या भारावरून. गंजलेलं दार ओढण्यासाठी ताकदीची मर्यादा चढवून ठेवली, की मध्ये मूल आलं तरी मोटार ओढतच राहते. अमेरिकेत 1993पासून घरगुती गॅरेजची यंत्रं अडथळा लागताच उलटी फिरलीच पाहिजेत, असा कायदा आहे. आपण तेवढ्यावर न विसंबता किरणांचा सेन्सरही लावावा.

इथला खरा शत्रू खारा वारा. साध्या लोखंडी रुळाला रेड ऑक्साइड फासून काही वर्षं निघतात, मग पापुद्रे सुटतात. रूळ आणि अँगल गरम जस्ताच्या मुलाम्याचे घ्या. बोल्ट 304ऐवजी 316 प्रतीच्या स्टेनलेसचे; त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठापुढे जास्त टिकतात. बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असलेलीच हवीत.

दुसरी गोष्ट लाकडाची. मापं दिवाळीनंतर कोरड्या हवेत घेतली जातात आणि आषाढात कवाड फुगतं. फट त्या हिशोबाने ठेवा, नाहीतर पावसाळाभर मोटार अर्ध्यावर थांबून माघारी फिरेल.

जोडणीची युक्ती सोपी आहे. दोन टोकांच्या पुल्यांवरून तारेचा बंद फेर घ्यायचा. एक कवाड वरच्या तारेला, दुसरं खालच्या तारेला. मग एकाच मोटारीने दोन्ही कवाडं एकमेकांपासून दूर सरकतात. एकच रुंद दार असेल तर दातेरी पट्टी लावा, पण पट्टी आणि गिअर यांच्यात एक-दोन मिलिमीटर अंतर हवंच. दाराचं वजन गिअरवर येता कामा नये. मोटार शक्यतो भिंतीच्या आत असावी आणि तिच्या पेटीची भोकं बंद करावीत. मुंग्या आणि पाली सर्किटवर बसतात, हे कुठल्याही वायरमनला विचारा. घरापासून गॅरेजपर्यंत जमिनीखालून आर्मर्ड केबल, वेगळं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. इथे काटकसर नको.

मग वादळ. 3 जून 2020ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 57 किलोचा दाब येतो. सव्वा मीटर रुंद, अडीच मीटर उंच कवाडावर जवळपास 180 किलो. मोटार दार सरकू देत नाही, पण आत ढकललं जाण्यापासून ते वाचवू शकत नाही. ते काम खालच्या गाइडचं आणि जमिनीत उतरणाऱ्या खिट्टीचं. फक्त खिट्टी लावलेली असताना रिमोट दाबला तरी मोटार चालू नये, असा स्विच तिथे बसवा.

त्या वादळानंतर कित्येक गावं अनेक दिवस विजेविना होती. बॅटरीचा आधार काही वेळाच पुरतो. म्हणून मोटार सोडवून दार हाताने सरकवायची सोय बाहेरून, किल्लीने उघडणारी हवी, विशेषतः गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तेव्हा. ती किल्ली वाडी राखणाऱ्याकडे द्या आणि त्याच्याकडून एकदा दार उघडवून बघा. मुंबईच्या कपाटात ठेवून तिचा काही उपयोग नाही.