पहिली पिकअप : शिकारीचा थाट की बाजाराची गाडी?

भाड्याच्या टेम्पोवर धंदा करणारा कापडवाला एक ना एक दिवस हिशेबाची वही पुढे ओढतो आणि वर्षभराचे भाडे जोडून पाहतो. बेरीज पाहिल्यावर स्वतःची गाडी घेण्याचा विचार पक्का होतो. मीरा रोडच्या पूनम सागर भागात अशा गाड्या आता गल्लोगल्ली उभ्या दिसतात. भिवंडीहून माल उचलायचा, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडचे आठवडी बाजार धरायचे, मोसमात एखादी जत्रा किंवा उरूस करायचा, असा हा धंदा आहे. दुकानाचे भाडे परवडत नाही अशा आमच्या अनेक बांधवांचे घर याच फिरत्या धंद्यावर चालते.

गाडी घेईपर्यंत सगळे सल्ला विचारतात. गाडी दारात आली की मात्र सल्ला संपतो आणि हौस सुरू होते. आम्ही पाहतो की पहिल्या महिन्यातच नवी पिकअप अॅक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी राहते. पुढे लोखंडी गार्ड, टपावर चार झगझगीत दिवे, बाजूला पाइप, रुंद टायर, कर्कश हॉर्न. पंचवीस-तीस हजार रुपये तिथेच जातात, आणि ताडपत्री घ्यायची वेळ आली की निळ्या प्लास्टिकवर भागवले जाते.

हा थाट आला कुठून? सौदी, कुवेत, ओमानमध्ये नोकरी करून आलेल्या आमच्या कोकणी तरुणांनी तिकडच्या पिकअप पाहिल्या आहेत. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकणारे, ससाणे घेऊन निघणारे अरब लोक आपल्या गाड्या त्या कामासाठी तयार करून घेतात. तिथे ते शोभते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. मूळ कायद्यातसुद्धा, परवाना असला तरी, चाकाच्या वाहनातून शिकार करायला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची पद्धतच मोडीत निघाली.

आमच्या वस्तीपासून काशिमीरा ओलांडले की घोडबंदर रस्त्याच्या कडेने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते. रात्री टपावरचे दिवे लावून सशा-डुकराच्या मागे गाडी घालणे हा काही तरुणांना खेळ वाटतो. जनाब, हा खेळ नाही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला निघाला तर कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे, आणि गुन्ह्यात वापरलेली जप्त गाडी सरकारजमा होऊ शकते. ज्या गाडीचे हप्ते बापाच्या दुकानातून भरले जातात ती गाडी एका रात्रीत जाते.

शिकार सोडा, नुसता थाटही महाग पडतो. पुढच्या गार्डविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना लिहिले आहे. समोर शोधदिवा बसवण्यास मोटार वाहन नियमांत मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. गार्डमुळे गाडी वाचते असे गॅरेजवाले सांगतात. खरे असे की कंपनीने पुढचा भाग टक्कर झाल्यावर चेपला जावा आणि धक्का आत पोचू नये म्हणून बनवलेला असतो. लोखंडी गार्ड तोच धक्का सरळ चासीवर आणि आत बसलेल्या माणसावर नेतो. रस्त्याने चालणाऱ्याची तर हाडेच मोडतात.

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण व्यापाऱ्याला हीच भाषा पटते. टाटा एस ही गाडी २००५ मध्ये आली आणि 'छोटा हाथी' म्हणून घरोघर ओळखली गेली. तिचा हौदा सुमारे ७ फूट लांब, आणि माल मोटामोटी पाऊण टन. ४४ इंच पन्ह्याचे, चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे सुती कापड घ्या. १०० मीटरचा एक तागा साधारण साडेतेरा किलो भरतो. म्हणजे ७५० किलोत ५५ तागे. पण गाडी नुसता माल नेत नाही. ताडपत्रीचा पाइप-सांगाडा ७० किलो, बाजाराची टेबले, नळ्या आणि दोर ६० किलो, शेजारी बसलेला माणूस ६५ किलो. उरले ५५५ किलो, म्हणजे ४१ तागे. आता गार्ड आणि बाजूच्या पाइपांचे ६० किलो आणखी वजा करा. तागे राहिले ३६. शोभेच्या लोखंडापायी प्रत्येक फेरीला पाच तागे घरी राहतात, आणि जास्तीचे लोखंड ओढायला डिझेल लागते ते वेगळेच.

मोठी गाडी घेतली की प्रश्न मिटतो असेही नाही. बोलेरो पिकअपसारखी गाडी सव्वा ते पावणेदोन टन नेते, हौदा आठ-नऊ फुटांचा मिळतो, आणि घाटात ती बिनघोर चढते. ज्याच्या महिन्यातल्या निम्म्या फेऱ्या जव्हार-मोखाड्याच्या घाटातल्या आहेत त्याने हीच बघावी. भिवंडी-मीरा रोड एवढीच धाव असेल तर छोटा हाथी बरा, गल्लीत वळतो. आणि २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स? गाड्या मजबूत आहेत, पण हौदा जेमतेम ५ फुटांचा आणि किंमत छोट्या हाथीच्या कितीतरी पट. ज्याला डोंगरात फिरायचे आहे त्याने घ्यावी, ताग्यांसाठी नाही.

जागा शिल्लक दिसते म्हणून माल कोंबणारेही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड, वर जादा टनामागे २ हजार. माल बाजूने किंवा वर मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार. गॅरेजवाला दोन पाटे वाढवून देतो आणि सांगतो, आता दोन टन टाका. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. घाट उतरताना हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

खरी तयारी हौद्यापासून करावी. कापडाचे तीन वैरी आहेत : पाणी, ऊन आणि गंज. पत्र्यावर थेट गाठ ठेवली की पावसाळ्यात खालून ओल धरते, आणि जिथे रंग उडालेला असेल तिथला तांबूस डाग पांढऱ्या कापडातून कधीच निघत नाही. म्हणून हौद्यात लाकडी पट्ट्यांची जाळी करून घ्यावी, तळापासून दोन इंच उंच, आणि तीन-चार तुकड्यांत, म्हणजे उचलून खाली धुता येते. पट्ट्या रंधून घ्याव्या, नाहीतर कुसळाने साडीचा धागा ओढला जातो. खिळे वर दिसता कामा नयेत. ओळखीच्या सुताराकडून हे काम दोन दिवसांत होते. आमच्या मते गाडीवर खर्च केलेला पहिला रुपया इथेच जावा.

दुसरा ताडपत्रीवर. प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त आणि हलकी, पण हायवेच्या वाऱ्यात फडफडून कडेच्या कड्यांपाशी फाटते, आणि उन्हात आतल्या कापडाला घाम येतो. मेण लावलेली जाड सुती ताडपत्री महाग आणि जड असते, मात्र ती श्वास घेते आणि शिवता येते. आम्ही दोन्ही ठेवायला सांगतो. रोजची सुती, आणि जून ते सप्टेंबर तिच्याखाली प्लास्टिकचा एक पदर. सांगाड्याला मधोमध उंची हवी, दोन्ही बाजूंना उतार हवा. सपाट छतावर पाणी साचते, पखाल होते आणि मध्यरात्री कुठेतरी ती फुटते. पाइपची टोके गुळगुळीत घासून त्यावर जुन्या ट्यूबचे रबर चढवावे. सांगाडा काढता-घालता येणारा असावा.

घडी घातलेल्या कापडाला ऊन नेमके घडीच्या कडेला लागते, आणि तिथे रंगाची रेघ पडते. गिऱ्हाईक साडी उघडून पाहते तेव्हा ती रेघ दिसते आणि भाव पडतो. म्हणून बाजारात गाडीच्या मागच्या फाळक्यावर दुकान मांडताना गाडीचे तोंड कुठे करायचे हे सूर्य पाहून ठरवावे. दुपारी ऊन पश्चिमेला उतरते, तेव्हा फाळका पूर्वेला असलेला बरा. जुने व्यापारी हे न सांगता करतात.

डिझेलचा डबा हौद्यात ठेवू नये. वास कापडात बसतो आणि धुतल्याशिवाय जात नाही. दोर नायलॉनचा चांगला, पण भिजला की ताण सैल होतो, म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावा.

दिव्यांची गरज नाही असे आम्ही म्हणत नाही. डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा किंवा मुरबाड तालुक्यातली म्हशाची पौषातली यात्रा करणाऱ्याला अंधार पडल्यावरच गिऱ्हाईक मिळते. पण तो उजेड मालावर हवा, रस्त्यावर नको. ५५ वॅटचे दोन हॅलोजन चार तास चालवले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३६-३७ अँपिअर-तास जातात, आणि निघायच्या वेळी गाडी सुरू होत नाही. त्याऐवजी २० वॅटचे दोन एलईडी लावले तर चार तासांत तेरा-चौदाच जातात. तेही गाडीच्या बॅटरीवर नको. ती इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते, रोज रिकामी करण्यासाठी नाही. वेगळी बॅटरी ठेवावी, घरी भरून न्यावी, आणि तिच्या टोकापाशीच फ्यूज लावावा. कंपनीची वायर कापून जोड दिला की वॉरंटीचा वाद होतो, आणि कपड्याने भरलेल्या गाडीत एका ठिणगीने काय होते हे सांगायला नको. आग विझवण्याचा सिलिंडर मालाखाली नव्हे, केबिनमध्ये हाताशी ठेवावा.

बाजाराची जमीन बहुधा शेताची किंवा मैदानाची असते. पावसात जॅक चिखलात रुतून बसतो, गाडी उठत नाही. जॅकखाली घालायला दीड फुटाची जाड फळी, चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, एक फावडे आणि ओढायचा जाड दोर, एवढे सामान ड्रायव्हरच्या सीटमागे बसते. रुंद टायरपेक्षा कंपनीच्या मापाचे, खोल नक्षीचे टायर घ्यावेत आणि हवा भरलेल्या मालाच्या हिशेबाने ठेवावी. स्टेपनीची हवा कोणी तपासत नाही. तीही तपासावी.

आता एक नाजूक गोष्ट. बासी ईदला पूनम सागरमधून कितीतरी पिकअप पोरांनी भरून उत्तनच्या किनाऱ्याकडे किंवा वसईच्या किल्ल्याकडे निघतात. आनंदात विरजण घालायचे आमच्या मनात नाही, पण मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेला माणूस विम्याच्या दृष्टीने कुठेच नसतो. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने फक्त मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले, तेही मालासोबत असताना. अपघात झालाच तर सगळी भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येते. त्या दिवशी मुलांसाठी बस करावी. दहा कुटुंबांनी मिळून केली तर ती महाग नाही.

कागदांकडे वळू. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा पक्के केले, त्यामुळे वेगळ्या बिल्ल्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत. मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. गाडी घेण्याआधी आरसी पुस्तकावरचा हा आकडा पाहावा. बाजारात विक्रीसाठी माल नेताना गिऱ्हाईक ठरलेले नसते, तेव्हा डिलिव्हरी चलन सोबत हवे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल असेल तर ई-वे बिलही काढावे. सांगाडा, वेगळी बॅटरी, जे काही बसवले असेल ते विमा कंपनीला लिहून कळवावे आणि पॉलिसीत नोंदवून घ्यावे. तोंडी सांगितलेले क्लेमच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणारे आमचे बरेच बांधव रोखीने जुनी गाडी घेतात. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी आरसीवर आधीच्या बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये, आणि फॉर्म २९ व ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच बैठकीत घ्याव्यात. आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीची फिटनेस तपासणी दोन वर्षांनी होते, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांची गाडी स्वस्तात मिळते ती याच कारणाने. हौद्याचा तळ खालून वाकून पाहावा. वरून नवा रंग असतो, खाली गंजाने पत्रा चाळणीसारखा झालेला असू शकतो. आधीच्या मालकाने गार्ड लावला असेल तर सौदा ठरवतानाच तो काढून द्यायला सांगावे, आणि त्याचे भोक पडलेले नट-बोल्ट बुजवून घ्यावेत.