बेस गिटारीसाठीं व्हॉल्व्हचा प्रीॲम्प कीं डायरेक्ट बॉक्स?

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूर गांवांत संध्याकाळीं एखाद्या घरांतून वाद्यवृंदाच्या तालमीचे सूर ऐकूं येतात, आणि भिंतीपलीकडून यंत्रमागांचा खडखडाट त्यांना साथ देत असतो. इचलकरंजींत पहिला यंत्रमाग १९०४ सालीं बसला; तेव्हांपासून या परिसराचा कान त्या आवाजाला इतका सरावला आहे कीं, तो वेगळा असा जाणवतहि नाहीं. परंतु बेस गिटार वाजविणाऱ्या तरुणाला एक दुसरा, मंद पण चिवट आवाज छळीत असतो. सारी जोडणी पुरी होतांच कर्ण्यांतून एकसारखी घूं-घूं सुरू होते. 'व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घे, म्हणजे स्वराला वजन येईल', असें मित्र सांगतो, 'आधीं डी. आय. बॉक्स आण', असें मंडपांतील स्पीकरवाला सांगतो. पाळ्या करून सांठविलेला पैसा एकाच वस्तूला पुरणारा असतो. तो कोणत्या पेटींत घालावा, हा खरा प्रश्न.

तिचें उत्तर वाद्याच्या खर्जांत दडलेलें आहे. बेस गिटारीचें आज रूढ असलेलें रूप अमेरिकेंतील लिओ फेंडर यानें १९५१ सालीं बाजारांत आणलें. तिच्या चार मोकळ्या तारांचीं कंपनें सेकंदाला अनुक्रमें सुमारें ४१, ५५, ७३ व ९८ अशीं असतात. आपल्या घरांत येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि तिच्यापासून उद्भवणाऱ्या घरघरींत ५० व १०० कंपनांचे स्वर प्रमुख असतात. आतां गंमत अशी कीं, सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापाशीं बोट ठेवलें असतां ४९ कंपनांचा स्वर निघतो. म्हणजे वाद्याचा स्वर आणि विजेची घरघर यांत अवघ्या एका कंपनाचें अंतर! दोन्ही एकदम वाजले म्हणजे सेकंदाला एक असा हेलकावा ऐकूं येतो. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा जुळविणाऱ्याला हे हेलकावे चांगले परिचित आहेत. मात्र तेथें खुंटी पिळून ते घालवितां येतात, येथें वीजमंडळाची खुंटी कोणाच्या हातीं नाहीं. मिक्सरवरील खर्जाचें बटण उतरविलें तर घरघरीबरोबर वाद्यहि बुडतें. तेव्हां हा दोष मुळाशींच तोडला पाहिजे.

त्याचें मूळ बहुधा जमिनींत असतें. गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर एका घरच्या विजेवर आणि मिक्सर जनित्रावर अगर दुसऱ्या घरच्या विजेवर, अशी जोडणी गांवच्या कार्यक्रमांत नेहमींची. दोन ठिकाणच्या अर्थिंगचा दाब तंतोतंत सारखा नसतो. सांधणाऱ्या केबलच्या जाळीवाटे मग एक लहानसा प्रवाह वाहूं लागतो आणि तोच घरघर बनून संगीतांत मिसळतो. डायरेक्ट बॉक्समध्यें असलेला ट्रान्स्फॉर्मर नेमका हाच दुवा तोडतो. त्याच्या एका वेटोळ्यांतून दुसऱ्यांत विजेचा प्रत्यक्ष संबंध नसतो. संगीत चुंबकत्वाच्या वाटेनें पलीकडे जातें, आणि बटण दाबून जाळीचा सांधाहि सोडतां येतो. शिवाय पलीकडे दोन तारांवर एकमेकांच्या उलट संदेश धाडला जातो. वाटेंत शिरलेला उपद्रव दोहोंवर सारखाच असल्यानें मिक्सरपाशीं तो वजा होतो. साधी केबल वीस फुटांच्या पुढें गेली कीं स्वराची धार बोथट होऊं लागते. या पद्धतीनें शंभर मीटरहि चिंता नसते.

मात्र प्रत्येक घरघर या पेटीनें जात नाहीं. वाजविणाऱ्यानें गिटार हातांत धरून स्वतःभोंवतीं सावकाश फिरून पाहावें. दिशेबरोबर आवाज कमीजास्त झाला, तर जवळची मोटार किंवा ट्रान्स्फॉर्मर यांचें चुंबकीय क्षेत्र पिकअपमध्यें शिरत आहे असें समजावें. त्यावर जागा बदलणें, किंवा १९५७ पासून फेंडरच्या प्रिसिजन बेसवर येणाऱ्या दुभंग पिकअपसारखें, घरघर आपल्यांतच जिरविणारें पिकअप घेणें, हाच उपाय.

डायरेक्ट बॉक्सचे दोन प्रकार आहेत. विजेवांचून चालणाऱ्या प्रकारांत सारें श्रेय ट्रान्स्फॉर्मरचें. स्वस्त पेटींत त्याचा गाभा इतका लहान असतो कीं, जाड तारेचा जोरकस आघात होतांच तो भरून जातो आणि स्वर फाटतो. गायकाला किंवा सतारीला जी पेटी चालेल ती बेसला चालेलच असें नाहीं. दुसरा प्रकार मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्ट विजेवर चालतो. बॅटरी नसलेल्या गिटारीला तो अधिक मानवतो, कारण तो पिकअपवर जवळजवळ भार घालीत नाहीं. बॅटरीच्या गिटारीला पहिला प्रकार पुरे.

आतां व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओच्या पाठीमागें तांबूस उजळणाऱ्या कांचेच्या नळ्या पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. डिसेंबर १९४७ मध्यें ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढें त्या नळ्या रेडिओंतून गेल्या. वादकांनीं मात्र त्यांना सोडलें नाहीं. प्रीॲम्पमध्यें बहुधा १२एएक्स७, म्हणजेच युरोपांत ईसीसी८३, ही नळी असते. जोर वाढला म्हणजे ती मूळ स्वरांत त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वर मिसळते. हा दोष खरा, पण उपयोगी. लहान कर्ण्यांतून ४१ कंपनें धड निघतच नाहींत. ८२ व १२३ कंपनें निघतात आणि त्यांवरून कान मूळ खर्ज आपणच ओळखतो. मित्र ज्याला वजन म्हणतो तें हेंच.

घेतांना मात्र कांच पाहून भुलूं नये. या नळीला शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागतो. कांहीं स्वस्त पेट्यांत ती अवघ्या बारा व्होल्टवर मिणमिणते, आणि मागें केशरी दिवा लावून शोभा आणलेली असते! स्वर बरा वाटल्यास तीहि खुशाल घ्यावी, पण व्हॉल्व्हची किंमत मोजूं नये. शिवाय प्रीॲम्प स्वतः घरच्या विजेवर चालतो; म्हणजे ट्रान्स्फॉर्मरवांचून तो आणला तर घरघरीला आणखी एक वाट मिळते. पहिला पैसा म्हणून डायरेक्ट बॉक्सवरच खर्चावा. ज्या प्रीॲम्पमध्यें ट्रान्स्फॉर्मरसह ही सोय आंतच आहे तो परवडला, तर प्रश्नच मिटतो. १९६० नंतरच्या दशकांत डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओंत जेम्स जेमर्सन याचा बेस थेट मिक्सरांतच घेत असत, आणि त्या ध्वनिमुद्रिका आजहि आदर्श मानल्या जातात.

एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. घरघर घालविण्यासाठीं प्लगची अर्थिंगची पीन मोडण्याचा किंवा तिची तार तोडण्याचा प्रघात ठिकठिकाणीं आढळतो. घरघर जाते खरी. पण ॲम्प्लिफायरमध्यें बिघाड झाल्यास तीच वीज पोलादी तारांवर येते, आणि वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागतांच तिला वाट मिळते. १९७२ सालीं स्वान्सी येथें लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गेला. डायरेक्ट बॉक्सवरील बटण केबलची जाळी सोडतें, प्लगच्या अर्थिंगला हात लावीत नाहीं. जुन्या वायरिंगच्या घरांत तालीम असेल, तर पेटी विकत घेण्यापूर्वीं वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें.