साडेचार की साडेपाच?

मार्च लागला की पेडण्याच्या सड्यांवर आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजूचे बोंडू पिकतात, भट्ट्या पेटतात आणि माकडांच्या टोळ्याही उतरतात. एक बोंडू खायचा आणि चार चावून टाकायचे, ही त्यांची रीत. कोवळ्या नारळाचीही तीच गत होते. मग घरात कुणीतरी म्हणतं, एक एअरगन घेऊन टाकूया. दुसऱ्या कुणाच्या मनात माकड नसतं, ससा किंवा रानकोंबडी असते; पण ते मोठ्यानं बोललं जात नाही. दुकानात दोघांनाही एकच प्रश्न पडतो. नळी साडेचार मिलिमीटरची घ्यावी की साडेपाचची, आणि छर्रा टोकदार की गोल?

प्रश्न विज्ञानाचा आहे आणि त्याचं उत्तरही चांगलं सविस्तर देता येतं. ते देतो. मात्र त्या उत्तराच्या शेवटी शिकार निघत नाही.

आधी ऊर्जेचा हिशेब. छर्ऱ्याची गतिज ऊर्जा म्हणजे त्याचं निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. साडेचार मिलिमीटरचा नेहमीचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. तो सेकंदाला २५० मीटर वेगानं सुटला तर नळीच्या तोंडाशी त्याच्यात सुमारे १६ ज्यूल ऊर्जा असते. साडेपाच मिलिमीटरचा छर्रा जवळजवळ दुप्पट जड, साधारण ०.९४ ग्रॅमचा. तीच १६ ज्यूल ऊर्जा त्याला दिली तर तो सेकंदाला १८५ मीटरनंच निघतो. म्हणजे स्प्रिंग तीच आणि ताकदही तीच, पण एकात वेग जास्त तर दुसऱ्यात वजन जास्त.

वेगाचा फायदा सरळ मार्गात दिसतो. ३५ मीटरवर पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षण साडेचारच्या छर्ऱ्याला १३ सेंटीमीटरच्या आसपास खाली ओढतं, साडेपाचच्या छर्ऱ्याला २२ सेंटीमीटरच्या आसपास. दुर्बीण ३० मीटरला जुळवलेली आहे आणि समोरचं लक्ष्य प्रत्यक्षात ३५ मीटरवर आहे, असं समजा. झाडीत पाच मीटरची चूक कुणाचीही होते. साडेचारचा छर्रा तेव्हा दोनेक सेंटीमीटर खाली लागेल, साडेपाचचा तीन-साडेतीन. उलट, साडेपाचच्या छर्ऱ्याचं तोंड क्षेत्रफळानं जवळपास दीडपट असतं, त्यामुळे तो भोकही मोठं पाडतो आणि ऊर्जा लवकर सोडतो. इंग्लंडमधले ससेमारे शिकारी याच दोन गोष्टींवरून गेली कित्येक दशकं वाद घालत आले आहेत. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर असल्यामुळे तो वाद मिटेल असं वाटत नाही.

आता छर्ऱ्याचा आकार. डमरूसारख्या या छर्ऱ्याची कंबर बारीक, डोकं भरीव आणि मागचा घेर पोकळ असतो. हवेचा दाब आला की तो पातळ घेर पसरतो, नळीच्या आतल्या पिळांना घट्ट बसतो आणि मागची हवा पुढे निसटू देत नाही. बाहेर पडल्यावर डोक्याकडे वजन आणि शेपटीकडे हवेचा रोध, या जोडीमुळे तो बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे तोंड पुढे ठेवून जातो. पिळांनी दिलेली गिरकी असतेच. रायफलीच्या गोळीची भिस्त मात्र मुख्यतः गिरकीवर असते. या रोधाची किंमत छर्ऱ्याला वेगानं मोजावी लागते. गोल डोक्याचा चांगला छर्रा ४५ मीटरपर्यंत जाता जाता एक तृतीयांशाहून अधिक ऊर्जा हवेत घालवून बसतो. चपट्या तोंडाचा निम्म्याहून जास्त घालवतो.

टोकदार छर्रा खपतो तो दिसण्यावर. त्याचं टोक डब्यातच एकमेकांवर आपटून वाकतं, आणि वाकलेलं टोक गिरकी घेताना छर्ऱ्याला वाटेवरून हलवतं. पोकळ तोंडाचा छर्रा लागल्यावर पसरावा अशी अपेक्षा असते; एअरगनच्या वेगाला तो बहुतेकदा म्हणावा तसा पसरत नाही, शिवाय लांबवर जाताना वेग लवकर गमावतो. खोक्यावर ‘१२०० फूट प्रतिसेकंद’ असं ठळक छापलेलं दिसलं तर सावध व्हावं. तो आकडा हलक्या मिश्रधातूचा छर्रा घालून काढलेला असतो. त्या वेगाला छर्रा ध्वनीचा वेग ओलांडतो, पुन्हा त्याच्या खाली येताना डळमळतो आणि नेम बिघडतो. जाणते नेमबाज जड, गोल डोक्याचा आणि ध्वनीहून हळू जाणारा छर्रा निवडतात.

भारतात मात्र ही निवड बरीचशी कायद्यानंच करून ठेवली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि ऊर्जा २० ज्यूल, या मर्यादेतली एअरगन परवान्याविना मिळते. व्यास किंवा ऊर्जा, यातलं एकही ओलांडलं की परवाना आला. म्हणजे साडेपाचची नळी निवडणारा माणूस दुकानाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या दारात उभा राहतो. १९६२ च्या जुन्या नियमांत ज्यूल नव्हते, लाकडी फळी होती. पाच फुटांवरून एक इंच जाडीच्या फळीवर छर्रे झाडायचे, एकही आरपार जाता कामा नये. मला ती फळीची कसोटी अधिक आवडते. कुणालाही अंगणात समजावून सांगता येईल अशी आहे.

या २० ज्यूलची तुलना दुसऱ्या हत्यारांशी करून पाहा. बावीसच्या साध्या रायफलीची गोळी नळीतून १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, बारा बोअरच्या काडतुसातले छर्रे मिळून दोन हजारांहून अधिक. वेगवान गोळी शरीरात शिरताना आजूबाजूच्या ऊतींना क्षणभर बाजूला फाकवते आणि इजा भोकाच्या पलीकडे पसरते. एअरगनच्या छर्ऱ्यात तेवढा जोर नसतो. तो पाडतो ते त्याच्या रुंदीएवढं भोक. म्हणून प्राणी जागच्या जागी मरायचा तर तो मेंदूवर किंवा हृदयावरच बसावा लागतो. सशाच्या डोक्यात ही जागा अडीच-तीन सेंटीमीटरची. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण १६ ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही आणि शेतातले ससे मारायला मोकळीक आहे. तिथलेही जबाबदार शिकारी ३०-३५ मीटरच्या पुढे चाप ओढत नाहीत.

हे सगळं दोन-अडीच किलोंच्या सशाचं झालं. काजूवरचा तांबड्या तोंडाचा पूर्ण वाढलेला नर सहा-सात किलोंचा असतो, त्याची कातडी जाड आणि हालचाल सतत चाललेली. बागेतून मारलेला छर्रा त्याच्या मांडीत, पोटात किंवा डोळ्यात जातो. माकड किंचाळतं, टोळी पळते आणि मालकाला वाटतं, काम झालं. टोळी दोन दिवसांनी परत येते. ज्याला छर्रा लागला ते कुठेतरी झाडीत जखम चिघळून मरतं किंवा अधू होऊन जगतं. रानडुकराच्या बाबतीत तर छर्रा चरबीतच अडकतो. २० ज्यूलची मर्यादा माणसाच्या सुरक्षिततेसाठी ठरली. प्राण्याच्या वाट्याला तिच्यातून येतं ते जखमी करण्याइतकं, पण मारण्यात हमखास कमी पडणारं हत्यार.

हवेच्या बंदुकीत मारण्याची ताकद येऊच शकत नाही, असं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल होती. सुमारे साडेअकरा मिलिमीटरची शिशाची गोळी ती दस्त्यातल्या दाबलेल्या हवेवर एकामागून एक सोडायची. १८०३ साली लुईस आणि क्लार्क अमेरिका ओलांडायला निघाले तेव्हा त्यांच्या सामानातही हवेची रायफल होती. आपल्याकडची परवान्याविना मिळणारी एअरगन त्या कुळातली नव्हे. तिचं काम जत्रेतले फुगे आणि सरावाचा कागद. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये उभी केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या नळांसोबत एअर रायफलीही बनवत आली, हे वाचून अनेकांना गंमत वाटेल. त्यातल्या कितीतरी आजही जुन्या घरांच्या माळ्यावर पडून असतील.

आता कायद्याची दुसरी बाजू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीची व्याख्या जीव घेण्यापुरती नाही; जखमी करणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही शिकारच. हत्याराला परवाना लागत नाही म्हणजे शिकारीलाही सूट आहे, हा घोळ अनेकांच्या डोक्यात असतो; तशी सूट मिळत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडचं तांबड्या तोंडाचं माकड पहिल्या परिशिष्टात आहे. मोर तिथे आधीपासूनच आहे. त्यातल्या प्राण्याची शिकार म्हणजे किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात, तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन जातं ते वेगळंच.

शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. २०१६ साली गोव्याचे तत्कालीन कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी माकड, रानडुक्कर यांच्या जोडीनं मोरालाही उपद्रवी म्हटलं तेव्हा देशभर हसू आणि संताप दोन्ही उमटले. पण भाजीच्या आणि मिरचीच्या वाफ्यात ज्यांनी मोर पाहिले त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. त्याच सुमारास केंद्रानं बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर आणि शिमल्यात माकड ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केलं होतं. तो अधिकार केंद्राचा आहे. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकालाही पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्याबाबत लेखी परवानगी देता येते. गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत आणि प्रत्येक निवडणुकीला त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. नेमक्या त्या दिवसांत डुकरं शेतात शिरतात, हे गाऱ्हाणं जुनं आहे. उपाय हवा तर तो त्या परवानगीच्या वाटेनं मागावा, नुकसानभरपाईत मागावा. एअरगनच्या नळीत तो सापडणार नाही.

एक लहान प्राणी या सगळ्यातून सुटतो, घरातला आणि माडावरचा उंदीर. १९७२ च्या कायद्यात कावळा आणि वटवाघळाबरोबर तो उपद्रवींच्या पाचव्या परिशिष्टात होता. दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं आणि साधा उंदीर संरक्षित यादीबाहेर राहिला. पण तो रात्री फिरतो आणि माडाच्या शेंड्यात राहतो. अंधारात वरच्या दिशेनं मारलेला छर्रा चुकला तर शेजाऱ्याच्या कौलांवर किंवा त्याहून वाईट जागी उतरतो. बुंध्याला पुरुषभर उंचीवर गुंडाळलेला गुळगुळीत पत्रा उंदीर रोखण्याचं काम बारा महिने बिनबोभाट करतो. मात्र शेजारच्या माडाच्या झावळ्या या माडाला टेकत असतील तर पत्रा फुकट, कारण उंदीर वरच्या वाटेनं येतो.

तर मग एअरगन घेणाऱ्यानं काय घ्यावं? साडेचारच, आणि कागदासाठी. ऑलिंपिकची दहा मीटर स्पर्धा याच व्यासावर चालते. तिथला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा चपट्या तोंडाचा, कारण तो कागदात स्वच्छ गोल भोक कापतो; गोल डोक्याचा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडण होतं. ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल, तेवढीही दहा मीटरला पुरून उरते. अंजली भागवत २००२ मध्ये याच प्रकारात जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत नेमबाजी पेडणे तालुक्यातच, मांद्रेला झाली. पेडण्याच्या मुलांना नेम धरायचाच असेल तर ती जागा जवळची आहे.

छर्ऱ्याचा डबा निवडताना नाव आणि किंमत बाजूला ठेवावी. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर डोक्याचे छर्रे एकाच बंदुकीतून वेगवेगळे जातात. तीन प्रकारचे डबे आणावेत, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारावेत आणि ज्यांची भोकं सर्वांत दाट पडतील तो प्रकार ठरवावा. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढे झेपावताना धक्का मागे बसतो आणि तो थांबताना पुढे. या दोन्ही हालचाली छर्रा नळीतून सुटेपर्यंत घडून जातात. म्हणून ती घट्ट आवळून धरू नये, हातावर सैल टेकवावी. दट्ट्याच्या नळकांड्यात तेल घालायची हौस आवरावी. दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ डिझेल इंजिनात पेटते तशी पेटते, आवाज मोठा होतो, वेग बेभरवशाचा होतो आणि वॉशर जळतो. बंदूक रिकामी सोडू नये, कारण छर्रा नसेल तर दट्ट्याला थोपवणारा हवेचा गादीसारखा दाब तयारच होत नाही. मागे मातीचा बांध किंवा छर्रे झेलणारी लोखंडी पेटी हवी; कातळ किंवा सपाट दगडी भिंत नको, छर्रा उलटतो आणि डोळ्याला लागतो. छर्रे शिशाचे असतात. ते दातांत धरू नयेत, पेटीत साचलेला चुरा बागेत टाकू नये आणि जेवायला बसण्याआधी हात साबणानं धुवावेत.