धूर म्हणजे वाया गेलेले डिझेल

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,



यंदा सहामाही परीक्षेच्या सुमारास आठवीतल्या एका मुलीने मला सर्वांसमोर विचारले, "मॅडम, तुमची गाडी फाटकातून आत आली की आम्ही नाकाला रुमाल लावतो. पीयूसीचे प्रमाणपत्र आहे, मग एवढा धूर का?" प्रश्न रास्त होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या प्राचार्येला हे शोभत नाही, म्हणून पुढचे तीन महिने मी उत्तर शोधले. ते आज आपल्यापुढे ठेवते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने कुठे भाषेत हिंदीची छाप दिसली, तर सांभाळून घ्यावे.

इंदूरच्या आपल्या अनेक मराठी घरांत अजूनही एक जुनी डिझेलची छोटी गाडी आहे. १९९८ साली इंडिका आली आणि मध्यमवर्गीय माणसाला डिझेलची छोटी गाडी परवडू लागली. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि २०२० साली बीएस-६ नियम लागू झाल्यावर छोट्या डिझेल गाड्या नव्याने बनणे जवळजवळ थांबले. ज्यांच्याकडे जुनी आहे, त्यांना ती नीट चालवणे भाग आहे.

आधी मोजा

"गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही" असे आपण सहज म्हणतो, पण मोजत कोणीच नाही. रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरा आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरा. मधल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. माझी गाडी २८ लिटरमध्ये ३३६ किलोमीटर चालली होती, म्हणजे लिटरला १२. घेतली तेव्हा ती १६ ते १७ देत असे.

महिन्याला ९०० किलोमीटर धरले, तर लिटरला १२ प्रमाणे ७५ लिटर लागतात आणि १६ प्रमाणे सव्वाछप्पन्न. फरक पावणेएकोणीस लिटरचा. हिशेबासाठी डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर दरमहा जवळपास १,७०० रुपये धुरात जात होते.

धूर कुठून येतो?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तोच हा नियम.

चांगल्या ज्वलनाला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, बारीक फवारा आणि योग्य उष्णता. यांतले काही कमी पडले की डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. काळा धूर म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेले, पण न जळलेले इंधन. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर मिस्त्रीला लगेच दाखवावे.

मी काय केले

एका वेळी एकच काम केले आणि प्रत्येक कामानंतर दोन टाक्या मोजल्या. सगळे एकदम केले असते, तर कशाने फरक पडला ते कळलेच नसते.

पहिले काम चाकातल्या हवेचे. हवा कमी असली की टायर दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात इंजिनची शक्ती खातो. दाब किती हवा ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. चाके थंड असताना दर पंधरा दिवसांनी तपासावा. माझ्या दोन चाकांत आठ-आठ पौंड हवा कमी होती.

दुसरे काम ब्रेकचे. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, पण चिकटवू नका, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक धरून राहिला आहे. माझे मागचे डावे चाक असेच निघाले. ते मोकळे केल्यावर अ‍ॅव्हरेज तेरापलीकडे गेले.

तिसरे काम एअर फिल्टरचे. तो धुळीने गच्च भरला होता. नवा बसवल्यावर अ‍ॅव्हरेज थोडेच वाढले, पण काळा धूर लगेच कमी झाला.

चौथी गोष्ट मला स्वतःला नवी होती. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा एक व्हॉल्व असतो, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. एका उन्हाळ्यात एका मिस्त्रीने "गाडी गरम होणार नाही" म्हणून तो काढून टाकला होता आणि मी मान डोलावली होती. परिणाम असा, की तापमानाचा काटा कधी मध्यावर येतच नव्हता. थंड इंजिन जास्त डिझेल पिते आणि लवकर झिजते. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत बसला. आपल्या गाडीचा काटा अर्ध्या तासानेही खालीच राहत असेल, तर हा प्रश्न जरूर विचारा.

शेवटी नोझल. ते झिजले की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. माझ्या गाडीत जुना यांत्रिक पंप आहे, म्हणून डिझेल पंपाच्या कारागिराकडून नोझल तपासून घेतले. कॉमन रेल इंजिनात दाब प्रचंड असतो. तिथे हे काम योग्य यंत्रे असलेल्या ठिकाणीच करावे. घरी तर कुठल्याच गाडीचे करू नये.

चालवणाऱ्याचा भाग

एवढे झाल्यावर पंधराच्या थोडे वर गेले. उरलेला दोष माझ्या पायाचा होता. पुढे लाल दिवा दिसत असूनही मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत असे आणि मग ब्रेक लावत असे. आता आधीच पाय काढते. महामार्गावर नव्वदऐवजी सत्तरने जाते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टपावरचे कॅरिअरही उतरवले. आता सोळा मिळतात.

एक इशारा मात्र कळकळीने देते. डिझेल वाचवण्यासाठी भेरू घाटासारख्या उतारावर गाडी न्यूट्रल करू नका आणि इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते, ब्रेक दगडासारखा होतो. आणि फायदाही नाही: गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते लागतेच.

विद्यार्थ्यांसाठी एक कोडे

एक लिटर डिझेलचे वजन एक किलोपेक्षा कमी असते. तरी ते जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. उरलेले वजन कुठून आले? नववी-दहावीच्या मुलांनी उत्तर लिहून विज्ञानाच्या सरांकडे द्यावे.

शेवटची विनंती

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. शाळा सुटताना आपल्या फाटकावर कितीतरी इंजिने चालू असतात आणि मुलांची नाके नेमकी सायलेन्सरच्या उंचीपासून फार वर नसतात. छोटे डिझेल इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास जाळते. पालकांनी मुलाची वाट पाहताना इंजिन बंद ठेवावे. विश्वस्त मंडळींना विनंती, की शाळेच्या दोन्ही व्हॅनसाठी अ‍ॅव्हरेजची नोंदवही सुरू करावी. अ‍ॅव्हरेज घसरले की आजार सुरू झाला, हे वहीच सांगेल.

त्या मुलीला मी परवा विचारले, "आता कसे?" ती म्हणाली, "रुमाल नाही लागत मॅडम, पण थोडा वास येतो." तेव्हा काम अजून बाकी आहे.

आपली,
प्राचार्या