चित्र बिघडतं ते वाळवताना

श्वासनलिकेच्या अस्तरावर सिलिया नावाचे सूक्ष्म केस असतात. जाडी जेमतेम पाव मायक्रॉन. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते सुटे दिसायला हवेत, पण पुष्कळदा दिसतात ते चिकटलेले झुबके. अशा वेळी यंत्राला दोष देणं अन्यायाचं आहे. बिघाड बहुधा नमुना तयार करतानाच झालेला असतो.

गैरसमज : यंत्रात निर्वात असतो म्हणून नमुना कोरडा हवा. तो पंख्याखाली वाळवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : परागकणासारख्या टणक गोष्टींना एकवेळ चालतं, नाजूक ऊतींना मुळीच नाही. पाणी उडताना त्याचा पृष्ठभाग नमुन्यातून मागे सरकतो. पृष्ठताणामुळे सिलिया एकमेकांकडे ओढले जातात, पेशी चपट्या होतात. यावरचा सुंदर उपाय टी. एफ. अँडरसन यांनी १९५१ मध्ये मांडला. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरण दाब या क्रांतिक बिंदूच्या पुढे कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. पृष्ठभाग नाही, म्हणून ताणही नाही. तापमान तसंच राखून दाब सावकाश उतरवला की नमुना कोरडा होतो. पाण्याचा हा बिंदू ३७४ अंशांवर आहे, तिथे ऊती शिजून जातील. म्हणून आधी पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्याने इथेनॉल आणायचं (३०, ५०, ७०, ९०, मग १०० टक्के) आणि इथेनॉलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. इथे घाई करू नये. आत थोडं जरी पाणी राहिलं तरी एवढा खटाटोप वाया जातो.

गैरसमज : इथेनॉल आहेच, मग वेगळं स्थिरीकरण कशाला?

वस्तुस्थिती : इथेनॉल प्रथिनं गोठवतं, पण ऊती आक्रसतात आणि मेदही विरघळतो. म्हणून आधी बफरमधलं साधारण अडीच टक्के ग्लुटाराल्डिहाइड, जे प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवतं. ते ऊतीत हळू शिरतं, त्यामुळे तुकडा लहानच कापावा. मेद धरून ठेवायला त्यानंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड. त्याची वाफ डोळ्यांना गंभीर इजा करते, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच करावं.

गैरसमज : सोन्याचा थर जाड, तर चित्र स्पष्ट.

वस्तुस्थिती : थर हवा तो नमुन्यावर विद्युतभार साचू नये म्हणून. त्याला काही नॅनोमीटर पुरतात. जाड थराखाली बारकावे बुजतात.

आणि इतकं सगळं नीट करूनही नमुना थोडा आक्रसतोच. म्हणून अशा चित्रावरून काढलेली मापं देताना नमुना कसा वाळवला, हेही सोबत लिहा.